पेव

हरिपूरच्या रस्त्याला चिंचा विरळ होतात तिथे
पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक खोली आहे.
खालून ज्वारीचा वास, वरून एसीचा गारठा,
आणि मधे, धान्याच्या डब्याएवढी एक पेटी.
तिच्यात आमच्या पतसंस्थेची किल्ली राहते.
राहते म्हणजे राहतेच. बाहेर पडत नाही.

दारं लांब आहेत. एक सिंगापुरात, एक फ्रँकफुर्टात,
तिसरं मुंबईत, भाड्याच्या यंत्रांवर.
मस्कतमधला एखादा गवंडी दार वाजवतो,
हप्ता भरायचाय त्याला.
दार म्हणतं, थांबा.
आणि आकड्यांचा एक तुकडा
समुद्राखालून, घाट चढून
माझ्या पेटीपाशी येतो: यावर सही होईल का?
पेटी आधी विचारते, तू कोण.
दाखला बघते, उलटून बघते,
मग सही देते.
सही जाते. किल्ली जात नाही.
गवंड्याला यातलं काहीच कळत नाही,
कळू नये म्हणून तर मी पगार घेते.

वडील मार्केट यार्डात हळदीचे तोलार होते.
त्यांना हे समजावताना घाम फुटेल असं वाटलं होतं.
ते म्हणाले, मग नवीन काय हाय त्यात?
माल हरिपूरच्या पेवात, सौदा सांगलीत,
नमुना मूठभर
आणि भाव रुमालाखाली.
बोटं दाबली की ज्याला कळायचं त्याला कळलं,
बघणाऱ्याला नुसता रुमाल.
मालाला हात कुणी लावला?

लहानपणी त्यांनी मला एक पेव दाखवलं होतं.
तोंड घमेल्याएवढं, आत हळदीचा जुना, कोंडलेला वास.
आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे.
कंदील विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही,
व्यापारी कितीही घाईत असो.

परवा रात्री दीडला
विश्रामबागेत जेसीबीनं केबल तोडली.
तिन्ही दारं मुकी झाली.
ज्यांची बैठक आधीच बसली होती त्यांचं चाललं,
नवा येणारा प्रत्येक जण उंबऱ्यावर.
चौगुले साहेबांचा फोन आला:
राजमती, किल्लीची एक नक्कल सिंगापूरला पाठव.
एका रात्रीपुरती. सकाळी पुसतील ते.
पाठवता आली असती.
मोहोरबंद पाकीट कुठल्या कप्प्यात आहे
ते मला अंधारातही सापडतं.
मी म्हटलं, साहेब,
एका रात्रीपुरतं पेव फुटत नसतं.
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा ऐकू आला.
मग, बघ बाई काय ते. आणि फोन बंद.

माझ्या फोनला रेंजची एक काडी.
वडिलांच्या फोनला तीन असतात, कंपनी वेगळी.
ते लुना घेऊन आले, स्वेटर उलटा घातलेला,
खिडकीपाशी स्टुलावर चढले
आणि फोन बाहेर धरून उभे राहिले.
असाच धरू?
जरा डावीकडे, अण्णा.
पहिली सही गेली. दुसरी अडकली, मग गेली.
मग सुटल्याच, दाणे सुटावेत तशा.

तिसऱ्या तासाला फोन तापला.
त्यांनी खिशातून रुमाल काढला,
फोनवर टाकला आणि रुमालासकट धरला.
कृष्णेच्या बाजूनं गार वारा येत होता.
मी पडद्याकडे बघायचं सोडून
त्यांच्या हाताकडे बघत राहिले.
बोटं हलत नव्हती, पण हलताहेत असं वाटत होतं.

पाचला केबल जोडली गेली.
ते खाली उतरले, गुडघा चोळत म्हणाले,
किती झाले गं?
एकोणीस हजार आणि वर काही.
त्यांनी मनातल्या मनात काहीतरी गुणलं.
आणि तोलाई किती लावतीस?